ठिपका पंधरावर जातो

"हात वर!" असं म्हणून मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत आधी माझाच हात वर केला.

पत्र्याच्या मांडवाखाली सतरंज्यांवर बसलेल्या तीनशे ऐंशी मुलांमधून हात वर गेले. त्यांच्या मागोमाग भिंतीशी उभ्या असलेल्या शिक्षकांचे, मग व्यासपीठावरच्या सरपंचांचा आणि मुख्याध्यापक हुपरीकर सरांचा. दाराशी उभ्या असलेल्या शिपायानेसुद्धा घंटेचा हातोडा काखेत धरून हात वर केला. तालुक्याच्या वार्ताहराने फोटो काढला. फोटो नीट यावा म्हणून मी जरा वेळ हसत उभा राहिलो. त्यानंतर माझं लक्ष चौथ्या रांगेकडे गेलं. तिथे एक मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय गं बाळ? तुझा ठिपका गेला ना?"

"नाही सर," ती उभी राहून म्हणाली.

हा ठिपका काय ते सांगायला हवं. आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, जिथून नस मेंदूकडे निघते, तिथे एवढीशी जागा अशी असते की तिथे काहीच दिसत नाही. तिला अंधबिंदू म्हणतात. आपल्याला ती जाणवत नाही, कारण मेंदू ती भोवतालच्या रंगाने सारवून टाकतो. हे सिद्ध करायला फार सामान लागत नाही. एका कार्डावर डावीकडे फुली काढायची, उजवीकडे ठिपका. डावा डोळा झाकायचा आणि उजव्याने फुलीकडे टक लावायची. फूटपट्टीचं एक टोक गालाच्या हाडाला टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाशी, म्हणजे तीस सेंटिमीटरवर, कार्ड धरायचं. ठिपका गडप! मुलं किंचाळतात. त्या किंचाळीवर मी बावीस वर्षं जगलो.

मी डॉ. मुकुंद हळबे, मेंदूचा शास्त्रज्ञ. निदान तेव्हा माझ्या नावाखाली तसं छापलेलं असे. तरुणपणी मी उंदरांच्या मेंदूवर दोन बरे शोधनिबंध लिहिले. तिसरा लिहायच्या ऐवजी एका शाळेत भाषण दिलं, आणि त्याला टाळ्या पडल्या. शोधनिबंधाला कुणी टाळी दिल्याचं मला आठवत नव्हतं. मग भाषणं वाढली, उंदीर कमी झाले. रेडिओवर बोललो, दूरदर्शनवर दिसलो, रविवारच्या पुरवणीत सदर लिहिलं. बायको म्हणायची, "तुम्ही मेंदूवर इतकं बोलता, की तो वापरायला सवड कुठून मिळणार?" हा मत्सर आहे असं मी धरून चालत असे.

आता जिची गोष्ट सांगतोय ती माझी 'मेंदू आपल्या गावी' यात्रा. एक जीप, सात तुकड्यांत उघडणारा प्लास्टरचा मेंदू, काचेच्या बरणीत बोकडाचा खरा मेंदू, आणि अकरा गावांतल्या अकरा शाळा. या वेळी मी नुसतं भाषण करत नव्हतो, संशोधनही करत होतो. प्रत्येक मुलाला एक रंगीत कार्ड आणि एक फॉर्म. फॉर्मवर प्रश्न: ठिपका गेला का? हो किंवा नाही, एकाला गोल. मुलांनी केलेला राज्यातला सगळ्यांत मोठा प्रयोग, असं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. बातमी मीच लिहून पाठवली होती. पहिल्या दहा शाळांचे तीन हजार आठशे बेचाळीस फॉर्म जीपमध्ये होते. सगळे हो. विज्ञान दिनाला मुंबईत मंत्र्यांच्या हाती अहवाल द्यायचा होता, आणि भाषणाचं पहिलं वाक्य तयार होतं: 'शंभर टक्के!'

आणि अकराव्या, शेवटच्या शाळेत ही मुलगी नाही म्हणत होती.

"नाव काय तुझं?"

"उज्ज्वला पिसे. नववी ब."

"उज्ज्वला, डावा डोळा झाकला होतास का? डावा म्हणजे ज्या हाताने जेवत नाही त्या बाजूचा."

मांडव हसला. ती हसली नाही. "डावाच झाकला होता सर."

"आणि बघत कुठे होतीस? फुलीकडे, की मैत्रिणीकडे?"

"फुलीकडे. तीसवर धरलं तर जात नाही सर. पंधरावर जातोय."

"पंधरावर? अगं, इतकं नाकाशी धरलंस तर ठिपकाच काय, मीसुद्धा जाईन!"

आता मांडव कोसळायचाच राहिला. मला अशी उत्तरं पटकन सुचत. तिचे कान लाल झालेले मला वरून दिसले, पण ती खाली बसली नाही.

"सर, मी तीसवर बघितलं, पंचवीसवर बघितलं, वीसवर बघितलं. सोळाच्या आसपास पुसट होतोय. पंधरावर जातोय. बारावर परत येतोय."

या वाक्याला मी व्यासपीठावरून खाली उडी मारायला हवी होती. नववीतली मुलगी, कुणी न सांगता, अंतर बदलत बदलत मापं घेत होती. माझ्या संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या मुलांनी तेवढं केलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण मी घड्याळाकडे बघितलं. पोहे गार होत होते.

"विज्ञानातली पहिली पायरी कोणती, उज्ज्वला? सूचना नीट ऐकणं."

हुपरीकर सर आता उठून उभे राहिले होते. भला माणूस, पण पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होतेय म्हटल्यावर त्यांचा आवाज चढला. "उज्ज्वला! सर पुण्याहून आलेत. अमेरिकेत शिकून आलेत. सर तीस म्हणतात ना, मग तीस!"

तिने पट्टी परत गालाला लावली. टोकाशी कार्ड धरलं. मी आवाजात शक्य तितकी साखर घालून विचारलं, "गेला ना?"

तिने कार्डाकडे बघितलं, हुपरीकर सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हो सर," ती म्हणाली. "गेला."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी माझी होती. मी हुपरीकर सरांना हळूच म्हणालो, "तिचा फॉर्म तेवढा दुरुस्त करून घ्या." दुरुस्त हा शब्द मी वापरला. तिने 'नाही'भोवतीचा गोल खोडला आणि 'हो'भोवती नवा काढला. मी वाकून खात्री करून घेतली आणि तो फॉर्म गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला.

नंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत पोह्यांबरोबर शिबिराचा कागद पुढे आला. उन्हाळ्याच्या सुटीत दहा दिवस, पुण्याला आमच्या संस्थेत, प्रत्येक शाळेतून एक विद्यार्थी. नाव शाळेने सुचवायचं, सही मी करायची. कागदावर आधीच नाव लिहिलेलं होतं: उज्ज्वला पिसे.

"तीच ही," हुपरीकर सर ओशाळून म्हणाले. "वडील नाहीत तिला. आई शिवणकाम करते. गणितात पैकीच्या पैकी. शिबिराचं पत्रक आलं तेव्हापासून रोज येऊन विचारते, सर, तारीख ठरली का? नाहीतर तालुक्याच्या पुढे ती पोर कधी जायची?"

मी चमचा खाली ठेवला. पुढचं वाक्य मी अनेक व्यासपीठांवर म्हटलेलं होतं, त्यामुळे ते सहज आलं. "हुशारी वेगळी, सर, आणि वैज्ञानिक वृत्ती वेगळी."

हुपरीकर सरांनी मान डोलावली. माझ्या असल्या वाक्यांना माणसं मान डोलावत.

"मघाशी तो पहिल्या रांगेतला मुलगा काय सुंदर बोलला. 'सर, ठिपका गेला आणि माझ्या अंगावर काटा आला.' कोण तो?"

"धैर्यशील यादव. दहावीतला. वक्तृत्वात नंबर असतो त्याचा."

"बघा! कुतूहल म्हणतात ते हे."

हुपरीकर सरांनी नाव खोडलं, दुसरं लिहिलं, मी सही केली. खिडकीबाहेर व्हरांड्यात काही मुली सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांत उज्ज्वला होती. खिडकीला गज होते, दार नव्हतं. आमचं बोलणं तिला ऐकू गेलंच असणार. मी बाहेर आलो तेव्हा तिने सतरंजी खाली ठेवून नमस्कार केला. डोळे कोरडे होते. मी तिच्या डोक्यावर थोपटलं.

मोकळ्या मनाने मी जीपमध्ये बसलो. बाबालाल मुलाणींनी प्लास्टरचा मेंदू घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला. बाबालाल आमचे ड्रायव्हर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, आणि माझी सगळी भाषणं मागच्या रांगेत बसून ऐकलेला जगातला एकमेव माणूस.

दीड तासाने हमरस्त्याच्या फाट्यावर एका हॉटेलात चहाला थांबलो. यात्रा संपली होती. मी खुशीत होतो. खिशात एक कार्ड उरलं होतं. त्यावर माझा रंगीत फोटो होता, हातात मेंदू घेतलेला, हसरा. मी तो फोटो जरा वेळ बघितला. मग गंमत म्हणून बाबालालची फूटपट्टी मागवली (ती फॉर्मवर रेघा मारायला जीपमध्येच असे), गालाला लावली, आणि डावा डोळा झाकला.

ठिपका होता तिथेच होता.

मी चष्मा पुसला. परत धरलं. ठिपका जागचा हलेना. मी फुलीकडे इतकं टक लावून बघितलं की डोळ्यांतून पाणी आलं. ठिपका काही जायचं नाव घेईना.

आता दुसरा कुणी असता तर त्याने कार्ड तपासलं असतं. मी मेंदूचा शास्त्रज्ञ; मी माझा मेंदू तपासायला घेतला. एकावन्नाव्या वर्षी माणसाचा अंधबिंदू नाहीसा होतो असा आजार कोणता? मी असला आजार वाचलेला नव्हता, म्हणजे तो नक्कीच दुर्मीळ असणार. चहा येईपर्यंत माझ्या डोक्यात गाठ झाली होती, ऑपरेशन झालं होतं, आणि शोकसभेत संस्थेचे संचालक बोलत होते.

"काय झालं सायेब? घाम फुटलाय तुमास्नी," बाबालाल बशी पुढे करत म्हणाले.

"बाबालाल, माझा ठिपका जात नाहीये हो."

"माझाबी न्हाई जात," बाबालाल चहाचा घोट घेत म्हणाले.

"म्हणजे? कधीपासून?"

"पयल्या शाळेपासनं. ही नवी रंगीत कार्डं आल्यापासनं. तुमचं ते जुनं हुतं का न्हाई, शाईनं काडल्यालं, त्यावर झकास जायचा."

जुनं कार्ड माझ्या पाकिटात होतं, बावीस वर्षांपूर्वी पोस्टकार्डावर स्वतःच्या हाताने काढलेलं. मी ते पट्टीच्या टोकाशी धरलं. तीसवर ठिपका टुणकन गेला. मी दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. जुन्यावर फुली ते ठिपका आठ सेंटिमीटर. नव्यावर चार. निम्म्यावर फुली-ठिपका, आणि उरलेल्या निम्म्यावर हसणारा मी.

मग मला तो फोन आठवला. छापखान्याचा मुलगा म्हणाला होता, "साहेब, फोटो मोठा घेतला तर आकृती बसत नाही. फोटो लहान करू की आकृती?" आणि मी म्हणालो होतो, "आकृती करा हो लहान. मुलांना कळल्याशी कारण."

अकरा शाळा. चार हजार दोनशे बावीस मुलं. एकाचाही ठिपका तीसवर जाणं शक्य नव्हतं, आणि सगळ्यांचा गेला होता. शिक्षकांचा गेला होता. सरपंचांचा गेला होता. शंभर टक्के हा आकडा जीवशास्त्रात फक्त मरणाच्या बाबतीत येतो, हे मी स्वतः वर्गात शिकवत असे. या यात्रेत मुलं किंचाळत नव्हती, नुसती शिस्तीत हात वर करत होती, हेही मला दिसलं होतं. खेड्यातली मुलं जरा लाजाळू असतात, असं मी डायरीत लिहिलं होतं.

"बाबालाल," मी म्हणालो, "अकरा शाळा तुम्ही मागे बसून बघताय. एकदा तरी मला सांगायचं नाही?"

"तुमी कुटं इचारलंसा?"

"रोज विचारतो! माइकवरून विचारतो!"

"तुमी म्हनता, गेला ना? आन् आदी सोताच हात वर करता. सायबानं हात वर केल्यावर आमी खाली कसा ठिवायचा?" बाबालालनी बशी खाली ठेवली. "आज ती पोरगी मातुर खरी निगाली. म्या म्हनलं, चला, आता सायेब कार्ड बगतील. तुमी तिलाच पाडलंसा."

पैसे देऊन आम्ही जीपमध्ये बसलो.

"कुनीकडं घिऊ? पुन्याला का माघारी?"

इथे मी ताडकन 'माघारी' म्हणालो असं सांगायला मला फार आवडेल. मी म्हणालो, "पुण्याला." वाटेत मी स्वतःला समजावत होतो. अंधबिंदू तर खराच आहे. मुलांना तत्त्व कळलं, आकड्याचं एवढं काय? अहवालात 'अंतर' हा शब्दच वगळता येईल. मंत्री काही पट्टी घेऊन बसणार नाहीत. शिबिराचं म्हणाल तर पुढच्या वर्षी तिला... पुढच्या वर्षी ती दहावीला, मग पुढे कुठे कोण जाणे.

दहा-बारा किलोमीटर गेल्यावर मी गठ्ठ्यातला सर्वांत वरचा फॉर्म उचलला. नुसता बघायला. खोडलेलं 'नाही', त्याच्याशेजारी 'हो'भोवतीचा गोल. पेन इतकं दाबलं होतं की कागदाला मागून उठाव आला होता. तो बघायला मी फॉर्म उलटा केला.

मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. हात वर करायच्या आधीच, फॉर्म भरताना लिहिलेलं असणार.

'कार्डावर फुली ते ठिपका ४ सेंमी. आहे. ठिपका १५ सेंमी.वर जातो. सर ३० म्हणतात. मग फुली ते ठिपका ८ सेंमी. पाहिजे असं वाटतं. घरी काढून बघणार. छपाईत चूक असेल तर सरांना सांगावे.'

सरांना सांगावे! ती सांगायलाच उभी राहिली होती. माझी अब्रू वाचवायला आलेल्या पोरीची मी तीनशे ऐंशी जणांपुढे टर उडवली होती, आणि वर तिचं नाव खोडलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. साधी, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी लाज.

"वळवा," मी म्हणालो.

बाबालालनी पुढचा फाटासुद्धा येऊ दिला नाही. तिथेच रस्त्यावर जीप फिरवली.

पिसेबाईंचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, दोरीवर टांगलेले शाळेचे गणवेश, भिंतीला ब्लाउजांची गाठोडी. दिवेलागण व्हायची होती. उज्ज्वलाची आई यंत्रावर बसल्या होत्या आणि उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून उभी होती, डाव्या डोळ्यावर हात. समोर खाकी कागदावर शिंप्याच्या खडूने फुली काढली होती आणि ठिपका. गालापासून भिंतीपर्यंत टेप ताणलेली होती.

"गेला!" ती ओरडली. "आई, आठाला तीसवर गेला! म्हणजे सरांचं पण बरोबर आहे!"

ती किंचाळी मी त्या अख्ख्या यात्रेत पहिल्यांदा ऐकली. मी दारातच उभा राहिलो. तिने वळून बघितलं आणि टेप तिच्या हातातून सुटली.

"सर, मी काही चुकीचं नाही केलं," ती घाईने म्हणाली.

"तू नाही गं केलंस. मी केलं." मग मी चौकटीत उभं राहूनच सगळं सांगितलं: कार्ड, फोटो, छापखान्याचा फोन. फोटोचा भाग वगळायचा मोह झाला, पण बाबालाल पाठीमागे उभे होते.

पिसेबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. येवढ्या लांबनं आलायसा." मग यंत्रावरचं कापड बाजूला करून म्हणाल्या, "एक सांगू का, राग मानू नका. ब्लाउज तंग झाला म्हनून बाई तक्रार घिऊन आली, तर आमी आदी आमची टेप बगतो. तुमी जाड झालायसा, असं गिऱ्हाइकाला म्हनत न्हाई."

बावीस वर्षांत मी विज्ञानावर जेवढं बोललो, त्यात इतकं नेमकं वाक्य एकही नव्हतं. मी मान खाली घातली.

"उज्ज्वला, तू शिबिराला यायचंस," मी म्हणालो. "मी कागद बदलून घेतो."

तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि परत मिटला. "आणि धैर्यशील?"

"त्याचं नाव काडू नका," आई म्हणाल्या. "त्या पोराचा काय गुन्हा? तुमी हात वर करा म्हनलासा, त्यानं केला."

"मग दोघंही या. एका शाळेतून एक हा नियम मीच केलाय, मीच मोडतो."

आता काम झालं असं मला वाटलं. मी उठलो. उज्ज्वला टेप गुंडाळत होती. तिने वर न बघता विचारलं, "सर, हे शाळेत सांगाल का?"

"काय?"

"की ठिपका जात नव्हता म्हणून. मधल्या सुट्टीनंतर सगळे मला 'पंधरा' म्हणायला लागलेत. सर, मी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले ते शेवटी."

शिबिराचा कागद बदलणं सोपं होतं. हे सोपं नव्हतं. मी तिला म्हणालो, "उद्या प्रार्थनेनंतर."

ती रात्र हुपरीकर सरांकडे काढली. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पण सर, माझा ठिपका खरंच गेला होता हो."

सकाळी प्रार्थना झाली. मुलं पटांगणात रांगांनी उभी होती. वार्ताहर नव्हता, त्याला मी कळवलं नव्हतं, तेवढा शूर मी नव्हतो. हुपरीकर सरांनी 'थोर शास्त्रज्ञ आपलं मौलिक मार्गदर्शन' वगैरे म्हणून माइक माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. कार्ड चुकीचं होतं. माझ्या फोटोला जागा हवी म्हणून ते चुकलं. काल इथे एकाच विद्यार्थिनीने खरं माप घेतलं आणि मी तिला हसलो. तिचं नाव उज्ज्वला पिसे. ती आणि धैर्यशील यादव, दोघंही शिबिराला येणार. शेवटी मी म्हणालो, "उज्ज्वला, मी तुझी माफी मागतो." हे वाक्य मी रात्री बऱ्याच वेळा म्हणून बघितलं होतं, तरी ते बोलताना माझा आवाज फाटला.

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची असते की नाही हे त्यांना कळत नव्हतं आणि मला सवय नव्हती. बावीस वर्षांत टाळीवाचून भाषण संपवायची वेळ आली नव्हती. गप्प बसून खाली उतरायला हवं होतं, तर मला वाटलं, शेवट जरा उठावदार करावा. मुलांना मनमोकळं बोलायला लावावं.

"आता घाबरू नका," मी मोठ्याने म्हणालो. "खरं सांगा. काल कुणाचाच ठिपका गेला नव्हता ना? हात वर!"

आणि आधी माझाच हात वर केला.

तीनशे एकोणऐंशी हात वर गेले. शिक्षकांचे गेले. काल रात्रीपर्यंत ज्यांचा ठिपका खरंच गेला होता त्या हुपरीकर सरांचा गेला. शिपायाने हातोडा काखेत धरला. रांगांच्या मागे जीपला टेकून उभे असलेले बाबालाल मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत होते.

नववी ब च्या रांगेत एक हात खाली होता.

"उज्ज्वला?" मी माइकमध्ये म्हणालो.

ती जरा घुटमळली. मग कालच्याच आवाजात म्हणाली, "सर, माझा गेला होता. पंधरावर."

पटांगणात सगळे हात अजून वरच होते. मी माझा खाली घेतला.